नकोसं झालेलं दूध

ॲरिझोनातल्या चँडलरच्या मराठी मंडळात नवीन जोडपं आलं की पहिल्याच भेटीत ठरलेला प्रश्न येतो. "काका कॉम्प्युटर चिप्समध्ये आहेत हे कळलं. काकू, तुम्ही काय करता?" मी सांगते, "मी दुधात आहे." ते बहुधा मी घरी दही लावून विकते असं काहीतरी समजून घेतात. थोडी ओळख वाढली की हळूच विचारतात, "मग काकू, खरवसासाठी चीक मिळेल का हो?"

चीक मिळत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी हेच उत्तर देत आले. आता निवृत्त झालेय, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

मी फील्ड रेप होते. आपल्याकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. शेतकऱ्यांनी मिळून काढलेला सहकारी दूध संघ असतो, तसाच इथेही असतो. फक्त इथल्या सभासदाकडे दारात दोन म्हशी नसतात, शेकड्यांनी गाई असतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात, डोक्यावर पत्र्याची सावली, भोवती मोठमोठे पंखे आणि पाण्याचे फवारे, अशा थाटात त्या राहतात. पूर्वी हे गोठे आमच्या चँडलरमध्येच होते. घरं वाढली तसे ते दक्षिणेला सरकत गेले आणि माझं ड्राइव्हिंग वाढत गेलं. संघ आणि शेतकरी यांच्यामधला निरोप्या म्हणजे फील्ड रेप. दूध स्वच्छ आहे का, गार राहतंय का, औषध दिलेल्या गाईचं दूध चुकून टाकीत गेलं नाही ना, हे बघायचं. शेतकऱ्याला बातमी द्यायची असेल तर तीही आपणच द्यायची. चांगली बातमी ऑफिस ईमेलने कळवतं. वाईट बातमी द्यायला फील्ड रेपला पाठवतात.

माणसं मात्र एकेक भेटली. एक म्हातारा होता, त्याने आपल्या गाईंना सगळ्या मेव्हण्यांची नावं दिली होती. एखादी आटली की तो दिवसभर खुशीत असायचा. आणखी एक जण दूध काढताना गोठ्यात फक्त चर्चची गाणी लावायचा. कामावरच्या मेक्सिकन मुलांनी एकदा त्यांची नाचाची गाणी लावली, तर त्या दिवशी दूध वाढलं. हे त्याने मला इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगितलं की हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

मी मराठवाड्यात डेअरी टेक्नॉलॉजी शिकले आणि लग्नाआधी सांगलीकडच्या एका संघात काम केलं. तिथे उन्हाळा म्हणजे कृश काळ. म्हशी आटायच्या, संकलन निम्म्यावर यायचं, आणि आम्ही पावडर आणि लोणी कालवून दूध तयार करून शहराला पाठवायचो. दूध कमी पडणं हीच माझ्या लेखी दुधाची एकमेव अडचण होती. त्यामुळे इथे नोकरीला लागल्यावर मॅनेजर डॅन मला संघाचं शीतगृह दाखवायला घेऊन गेला, तेव्हा मला पहिला धक्का बसला. जाड कोट घालून आत गेलो. समोर खोकी, त्यांच्यावर खोकी, थेट छतापर्यंत. एका रांगेतून चालत गेलो तर पलीकडे दुसरी रांग, मग तिसरी. प्रत्येक खोक्यात लोण्याची लादी.

मी विचारलं, "हे दुष्काळासाठी ठेवलंय का?"

डॅन माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "नाही. हे कुणाला नकोय म्हणून ठेवलंय."

गाईचं दूध आज बंद, उद्या चालू असं करता येत नाही. दिवसातून दोनतीनदा काढावंच लागतं, नाही तर कास सुजते, गाय आजारी पडते. गिऱ्हाईक असो वा नसो, टँकर येतच राहतात. मग जास्तीच्या दुधाची साय काढून लोणी करायचं, उरलेल्याची पावडर करायची आणि कोणीतरी कधीतरी घेईल म्हणून ठेवून द्यायचं. लोणी म्हणजे साठवलेलं दूध, एवढं लक्षात ठेवलं तरी या धंद्यातलं निम्मं कळलं.

उरलेलं निम्मं मला हेंकने शिकवलं.

हेंक मूळचा हॉलंडच्या उत्तर भागातला, फ्रिसलँडचा. उंच, वाकलेला, भुवया पांढऱ्या. त्याचा गोठा आमच्या भागात लहानात जमा होता, पण दूध इतकं स्वच्छ की मला तिथे करण्यासारखं काही काम नसायचं. तरी मी जायचे, कारण त्याची बायको रिन्स्के कॉफी फार चांगली करायची. कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळायचं. डबा उघडायचा, एक द्यायचं, डबा बंद. पहिल्यांदा मला अपमान वाटला होता. पुढे समजलं की त्यांच्याकडे पाहुण्याला असंच देतात, आणि दुसऱ्या कपाबरोबर दुसरं मिळतं.

एकदा मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे एवढं हिरवंगार गवत असताना तुम्ही या भट्टीत कशाला आलात?"

"लोण्यामुळे," हेंक म्हणाला.

त्याने सांगितलेली गोष्ट मी ऐकून होते, पण ती भोगलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच्या तरुणपणी युरोपात सरकार शेतकऱ्याला सांगायचं, जेवढं लोणी कराल तेवढं आम्ही ठरल्या भावाने घेऊ. मग कोण थांबणार? सगळ्यांनी गाई वाढवल्या, हेंकच्या वडिलांनी दुप्पट गाई मावतील असा नवा गोठा बांधला. सरकारी शीतगृहं भरली, लोकांनी त्यांना लोण्याचे डोंगर असं नावच पाडलं. ठेवायला जागा उरेना, तेव्हा ते लोणी स्वस्तात परदेशी विकलं. दुधाची पावडर तर परत वासरांना पाजली.

"म्हणजे वासराच्या तोंडचं दूध काढायचं, कारखान्यात सुकवायचं आणि परत त्यालाच पाजायचं?" मी म्हटलं.

"हो. आणि यात दोन वेळा सरकारचा पैसा," हेंक म्हणाला. "मग एका वर्षी कोटा आला. प्रत्येकाने एवढंच दूध घालायचं. त्याच्या वर घातलं तर दंड. आमचा नवा गोठा अर्धा रिकामा राहिला. कोट्याचं वर्ष मार्चअखेर संपायचं. मार्चमध्ये कोटा पुरा झाला की माझा बाप दूध काढायचा आणि मागच्या चरात ओतून यायचा. घरात कुणाशी बोलायचा नाही. मी रिन्स्केला म्हटलं, जिथे माणसाला हवं तेवढं दूध काढू देतात तिथे जाऊ."

"आणि तू लगेच हो म्हणालीस?" मी रिन्स्केला विचारलं.

"मी रडले," रिन्स्के म्हणाली. "मग बॅगा भरल्या."

त्यानंतर कितीतरी वर्षं सुरळीत गेली. मग कोविड आला.

त्या वसंतात शाळा, हॉटेलं, कॉफीची दुकानं एका झटक्यात बंद झाली. बाहेरच्या माणसाला वाटतं, लोक घरी बसले तरी दूध तेवढंच पिणार ना? पण इथे लोण्याचा आणि चीजचा मोठा हिस्सा हॉटेलांत खपतो, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतलं दूध हा वेगळाच पसारा असतो. तो माल मोठ्या पिशव्यांत आणि मोठ्या लाद्यांत बनतो. तो घरच्या बाटलीत भरायचा तर यंत्रं वेगळी लागतात, बाटल्या लागतात, त्यावर लावायची लेबलं लागतात. त्यामुळे तो उलटा प्रकार झाला. दुकानांत दुधाच्या फळ्या रिकाम्या होत्या, प्रत्येकाला एकच गॅलन मिळेल अशा पाट्या लागल्या होत्या. आणि आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर भरलेले टँकर रांगेत उभे होते.

डॅनने सगळ्या फील्ड रेप्सना व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "शीतगृह फुल्ल आहे. पावडरची यंत्रं बंदच होत नाहीयेत. काही गोठ्यांवर दूध टाकून द्यावं लागेल. कोणाचं कधी, हे ऑफिस ठरवेल. तुम्ही तिथे उभं राहून टाकी रिकामी झाल्याची खात्री करायची. त्या दुधाचा तोटा सगळ्या सभासदांत वाटून घ्यायचा असं ठरलंय, म्हणून साक्षीला माणूस हवा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सांगलीकडे आंदोलनात रस्त्यावर ओतलेलं दूध मी पाहिलं होतं. तिथे माणसं चिडलेली असायची, घोषणा द्यायची. इथे दूध सूचनेनुसार ओतायचं होतं, मास्क लावून, सहा फुटांचं अंतर ठेवून.

माझ्याकडे पहिलं नाव आलं ते हेंकचं.

मी गेले तेव्हा तो टाकीच्या खोलीत उभा होता. मोठी स्टेनलेसची टाकी गळ्यापर्यंत भरलेली, आत पातं संथपणे फिरत होतं. मी झाकण उघडून नेहमीसारखं बघितलं, वास घेतला. दुधात तक्रार करण्यासारखं काहीही नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी काहीतरी खोट सापडावी असं मला फार वाटलं.

"मेधा," हेंक म्हणाला, "माझा हात जात नाहीये. तू उघड."

"हेंक, ते माझं काम नाही. मी फक्त बघायला आलेय."

"माहीत आहे. तरी तू उघड."

मी रिन्स्केकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. मी वाकून वाल्व्ह उघडला.

दूध आवाज करत नाही असं मला वाटायचं. करतं. एवढं दूध एकदम निघालं की दणका बसतो. पांढरा लोट फरशीवरून चरात गेला, चरातून पाइपात आणि तिथून मागच्या शेण-पाण्याच्या तळ्यात. मी बाहेर जाऊन बघितलं, कारण बघणं हेच माझं काम होतं. हिरव्या-काळ्या पाण्यात पांढरा पट्टा पसरत गेला आणि काठावरचे बगळे उडाले. हेंक बाहेर आलाच नाही. आतून पंखे चालू असल्याचा आवाज येत होता आणि गाई पुढच्या धारेसाठी रांगेत उभ्या राहायला लागल्या होत्या.

घरी येऊन मी जेवले नाही. ईशा, माझी मुलगी, सिएटलजवळ बॉथेलला असते. तिचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. मग म्हणाली, "आई, दॅट्स इन्सेन. फूड बँकबाहेर फ्री फूडसाठी दोन-दोन माइल लाइन लागतेय. व्हाय कान्ट दे जस्ट गिव्ह इट?"

हाच प्रश्न मला दिवसभर छळत होता, आणि त्याचं उत्तर मला येत होतं, हेच जास्त वाईट होतं.

हेंकने मात्र उत्तराची वाट बघितली नाही. दोनतीन दिवसांनी मी त्याच्या रस्त्याला लागले तर पुढे गाड्याच गाड्या. मला वाटलं अपघात झाला. जवळ जाऊन बघते तर फाटकाशी हेंक स्वतः नळी धरून उभा, आणि लोक बादल्या, कॅन, पिकनिकचे कूलर घेऊन रांगेत. कोणीतरी फेसबुकवर टाकलं होतं: शेतकरी दूध फुकट देतोय.

मी गाडी बाजूला घेतली. रांगेतून हाक आली, "अरे! मेधाकाकू, तुम्ही इथे?"

आमच्या मंडळातला रोहित, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. त्याच्या हातात चक्क प्रेशर कुकर होता.

"रोहित, तू काय करतोयस?"

"काकू, दुकानात दूध नाहीये यार. श्वेताला सातवा महिना लागलाय, तिला रोज दूध हवं. म्हटलं, ताजं मिळतंय तर ड्राइव्ह करून येऊ."

"हे कच्चं आहे. तापवलेलं नाही."

"म्हणजे काय काकू, घरी जाऊन उकळणारच ना आपण."

त्या रांगेत दूध उकळणारं घर बहुधा रोहितचं एकच होतं. बाकीच्यांना दूध दुकानातून आणून तसंच प्यायची सवय. कच्च्या दुधात काय काय असू शकतं हे शिकण्यात माझं शिक्षण गेलं आणि तपासण्यात नोकरी. गोठा कितीही स्वच्छ असला तरी एखाद्या गाईच्या पोटातून आलेला जंतू लहान मुलाची किडनी निकामी करू शकतो. गरोदर बाईचं मूल जाऊ शकतं. मी रोहितशी बोलत असतानाच माझ्या नजरेला पुढची एक गाडी पडली. मागचं दार उघडं होतं आणि एक तरुण आई कार-सीटमधल्या मुलाच्या कपात भरून आणलेलं दूध ओतत होती.

मी धावले. आयुष्यात कुणाच्या हातातलं मी काही हिसकावलं नव्हतं, त्या दिवशी कप हिसकावला. ती ओरडली. मी मास्कमधून काय सांगत होते ते तिला कळत नव्हतं. मूल रडायला लागलं. मग मी फाटकाशी गेले आणि हेंकला म्हटलं, "बंद कर. आत्ता."

"का?"

"तुझ्याकडे कच्चं दूध द्यायचा परवाना नाही. आणि परवान्याचं सोड. तिकडे एक बाई दोन वर्षांच्या मुलाला हे असंच पाजतेय."

हेंकने नळी बंद केली. रांगेतून शिव्या यायला लागल्या. "घरी जा!" एक जण खिडकीतून मला म्हणाला, आणि त्याला माझं चँडलरचं घर अभिप्रेत नव्हतं. दुसरा ओरडला, "जमिनीवर ओतता आणि आम्हाला देत नाही?"

हेंक हळू आवाजात म्हणाला, "ओतलेलं चालतं. दिलेलं चालत नाही. मेधा, मला एकदा समजावून सांग."

मी गाडीत बसून डॅनला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबावर ओरडले. "एक टँकर. एकच टँकर तापवून, भरून द्यायचा. कुठेही."

"कशात भरू?" डॅन म्हणाला. "बाटल्या नाहीत. सगळ्या देशात नाहीत."

"शाळांची खोकी आहेत की! ती छोटी. शाळा बंद आहेत, मग ती पडूनच असतील ना?"

"असतील. विचारून बघ," डॅन म्हणाला. शाळांना दूध पुरवणारा एक छोटा कारखाना आमच्या ओळखीत होता, डोंगरापलीकडे. त्यांच्याकडे कार्टूनच्या चित्रांची, एका घोटात संपतील अशी खोकी भिंतीला लावून ठेवलेली होती. पुढचे दोन दिवस मी फोनला चिकटून होते. शेवटी हेंकच्या गोठ्यावरून एक टँकर तिकडे गेला, दूध तापवलं गेलं, त्या इवल्या खोक्यांत भरलं गेलं आणि एका चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्यांच्या डिकीत ठेवलं गेलं. रिन्स्के हातमोजे घालून खोकी देत होती. मोठमोठी माणसं शाळकरी मुलाचं दूध दोन्ही हातांनी घेऊन थँक यू म्हणत होती. रोहितलाही पोचवलं. श्वेताने ते उकळलंच.

तो एक टँकर. दुसरा मला जमला नाही. त्या कारखान्यातली माणसं आजारी पडली आणि तो बंद झाला.

पुढचा आदेश कोट्याचा होता. आमच्याकडे त्याला बेस म्हणतात. प्रत्येकाने मागे जेवढं दूध घातलं त्यावरून त्याचा बेस ठरतो, आणि आता सगळ्यांनी बेसच्याही खाली यायचं होतं. वर जाईल त्या दुधाला जवळजवळ काहीच मिळणार नव्हतं. ही बातमी घेऊन मी हेंककडे गेले. वाटेत सारखं वाटत होतं की आज तो मला हाकलून देईल. त्याने कॉफी दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझा पत्ता सापडला म्हणायचा त्याला."

"कुणाला?"

"कोट्याला. समुद्र ओलांडून आलो होतो."

तो हसला, म्हणून मीही हसले. मला खरंच वाटलं की तो सावरला.

पुढच्या फेरीला गेले तेव्हा फाटकाशी गुरांचे ट्रक लागले होते. एकामागे एक, लांबलचक, जाळीदार. मला कोणी काही कळवलं नव्हतं. मी गाडीतून उतरले आणि उभीच राहिले. गाई फळीवरून चढत होत्या. अर्ध्या दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या गोठ्यांवर जाणार होत्या. उरलेल्या कुठे, ते मी विचारलं नाही आणि हेंकने सांगितलं नाही. तो प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत होता, जाताना. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बापासारखा मी चरापर्यंत रोज चालत जाणार नाही."

रिन्स्केने मला आत नेऊन खुर्चीत बसवलं, जसं काही गाई माझ्याच गेल्या होत्या. त्या दिवशी तिने बिस्किटांचा डबा टेबलावर उघडाच ठेवला.

असं वाटेल की धक्के इथे संपले. पण खरा धक्का पुढे होता. काही आठवड्यांतच सगळं उलटं फिरलं. हॉटेलं उघडायला लागली. घरी बसलेले लोक रोज केक आणि ब्रेड भाजत होते. सरकारने गरजूंना वाटायला चीज, लोणी, दूध विकत घ्यायला सुरुवात केली. आणि दूध? ते कमी करा म्हणून आम्हीच घरोघरी जाऊन सांगितलेलं. डॅनचा फोन आला. "मेधा, आपल्याला दूध कमी पडतंय."

"काय?"

"कमी पडतंय. बेसची अट उठवली. ज्यांनी गाई काढल्या त्यांनाही फोन कर. परत सुरू करणार असतील तर संघ मदत करेल, गाईसुद्धा मिळवून देईल. पण लगेच कळवायला हवं."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. अभय, माझा नवरा, घाबरून म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?" कालपरवा ज्या हाताने मी वाल्व्ह उघडला होता त्याच हातात फोन होता, आणि दूध द्या म्हणून त्याच माणसाला विचारायचं होतं.

फोन रिन्स्केने उचलला. तिचा आवाज लांबून येत होता. म्हणाली, "हात पिठात आहेत, स्पीकरवर टाकलंय. बोल." मी सगळं सांगितलं. मग ती फोनच्या अगदी जवळ येऊन बोलायला लागली.

"मेधा, त्याला सांगू नकोस."

"रिन्स्के, मला सांगावं लागेल. गोठा त्याचा आहे."

"तू सांगितलंस तर तो उद्याच गाई बघायला जाईल. मी त्याला ओळखते. आणि मग परत कधीतरी तू येशील, परत ओतायला सांगशील. तिसऱ्यांदा तो ते सोसू शकणार नाही. तो आता नीट झोपतो. प्लीज. त्याला सांगू नकोस."

मी तिला शब्द दिला. डॅनला कळवलं की ते परत येणार नाहीत. एका माणसाने दुसऱ्या माणसाचं आयुष्य त्याच्या पाठीमागे असं ठरवून टाकावं का, हा विचार त्यानंतर कितीतरी महिने मला पोखरत होता. गाई हाच त्याचा प्राण होता आणि त्या परत आणायची वाट मी त्याच्यापासून लपवली होती.

पुढच्या वर्षी एका मोठ्या घाऊक दुकानात हेंक दिसला. दुधाच्या कपाटासमोर गॅलनभर दुधाचा कॅन हातात धरून तारीख वाचत होता. आयुष्यात पहिल्यांदा दूध विकत घेणारा माणूस कसा उभा असतो ते मी तेव्हा पाहिलं. मला बघून त्याने मिठीच मारली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाला, "मेधा, तू फोन केला होतास ना. दूध हवंय म्हणून."

माझ्या हातातून ट्रॉली सुटली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी मागच्या दारात उभा होतो. स्पीकर चालू होता, सगळं ऐकलं." त्याने गॅलन ट्रॉलीत ठेवलं. "रिन्स्के पाठमोरी होती. इतक्या वर्षांत तिने माझ्यासाठी कुणापुढे प्लीज म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बॅगा भरतानासुद्धा नाही. मग मी तसाच मागे फिरलो, अंगणात गेलो आणि जरा वेळाने बूट आपटत परत आलो. म्हटलं, कुणाचा फोन होता? ती म्हणाली, राँग नंबर."

"आणि गाई? तुला नको होत्या?"

"हव्या होत्या की," हेंक म्हणाला. "रोज हव्या असतात. पण तिला कळू देऊ नकोस की मला माहीत आहे. तिला वाटतं तिने मला वाचवलं. आणि ते खरंच आहे."

मी त्याला शब्द दिला, एवढ्यात पलीकडच्या रांगेतून रिन्स्के आली, हातात लोण्याचे पुडे. मला बघून तिचा चेहरा खुलला, आणि लगेच हेंकच्या पाठीमागून तिने ओठांवर बोट ठेवलं. इकडे हेंक माझ्याकडे रोखून बघत होता. मी दोघांनाही शब्द दिलेला होता. आता हे लिहितेय तेही नावं बदलून, आणि मराठीत, म्हणून धीर होतोय.

"मग मेधा, काय म्हणतेस?" रिन्स्केने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "यंदा उन्हाळा जरा लवकरच लागला."

"हो ना," दोघं एकदमच म्हणाली.